काचेच्या पेटीतली जपानी पाहुणी

मैत्रिणींनो, या खेपेच्या पत्रांत नाशिकच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आहे. पत्र एका बाहुलीबद्दल आहे. पण वाचताना लक्षात येतं की ते नुसतं बाहुलीबद्दल नाही.

त्यांचे काका मालवाहू जहाजावर नोकरीला होते. १९६४ साली त्यांनी कोबे बंदरातल्या एका दुकानातून जपानी बाहुली आणली आणि वहिनीच्या, म्हणजे या भगिनीच्या आईच्या हाती दिली. तेव्हापासून ती माहेरच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत उभी होती. पेटी उघडायची मुलींना सक्त मनाई. गेल्या वर्षी आई गेल्या. घर आवरताना जुनं सामान घेणारा एक व्यापारी आला. पलंग-कपाटं पाहता पाहता त्याची नजर बाहुलीवर गेली आणि तो म्हणाला, "ही शंभर वर्षांची चीज आहे. लाखाच्या घरात जाईल." झालं! तोवर कोणालाच नको असलेली बाहुली तिघी बहिणींना हवीशी झाली. धाकटी म्हणते, विका आणि तीन वाटे करा. मधली म्हणते, आईने ती मलाच द्यायची म्हटलं होतं. बाहुली आहे थोरलीकडे, पत्र तिचंच. आणि या दिवाळीला दोघींपैकी एकीनेही तिच्याकडे पाऊल टाकलं नाही.

"ताई, हिची खरी किंमत काय ते एकदा सांगा," असं त्या विचारतात. शेवटी ताजा कलम: "चेहरा पिवळट पडलाय. दुधात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसला तर चालेल का?"

या ताज्या कलमाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. नाही, चालणार नाही! दूध नको, पाणी नको, ओलं फडकं तर मुळीच नको.

पुष्कळशा जुन्या जपानी बाहुल्यांचा तो दुधासारखा पांढरा, गुळगुळीत चेहरा रंगवलेला नसतो, लिंपलेला असतो. कालवांच्या शिंपल्यांची बारीक भुकटी करून ती सरसात कालवतात आणि लाकडावर किंवा भुशाच्या लगद्यावर पातळ थर देतात. एक वाळला की दुसरा, असे कितीतरी. या लेपाला जपानीत 'गोफुन' म्हणतात. वाळला की तो अंड्याच्या टरफलासारखा मऊसर चमकतो. पण त्यातला सरस पाण्याने सुटतो, आणि सरस सुटला की चेहराही सुटला. हे मी पुस्तकातलं सांगत नाही बरं का. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासरची शोकेस पुसताना मी अशाच एका बाहुलीच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवलं होतं. फडक्यावर पांढरं आलं, मला वाटलं धूळच निघतेय, म्हणून आणखी जोराने पुसलं. धूळ नव्हती, तिचं नाक होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यामुळे ते मला जास्तच लागलं.

तेव्हा आधी हात आवरायचा आणि मग डोळे उघडायचे. ओळख पटल्याशिवाय किंमत नाही आणि सफाईही नाही.

'जपानी बाहुली' हा शब्द आपल्या 'साडी' या शब्दासारखा आहे. साडी म्हटलं की पैठणीही आली आणि इरकलही, रोजची वापरायचीही आणि बस्त्यातलीही. बाहुलीला जपानीत 'निंग्यो' म्हणतात, म्हणजे माणसाचं रूप. या निंग्योंची घराणी पुष्कळ. त्यांतली जी आपल्या नजरेस पडू शकतात ती सांगते.

पहिलं घराणं 'हिना'. ३ मार्चला जपानात मुलींचा सण असतो, हिनामात्सुरी. त्या दिवसांत घरात पायऱ्या मांडून, त्यांवर लाल कापड अंथरून बाहुल्यांचा दरबार सजवतात. वर सम्राट आणि सम्राज्ञी, खाली तीन दासी, पाच वादक, दोन मंत्री, तीन सेवक. पूर्ण संच १५ बाहुल्यांचा आणि ७ पायऱ्यांचा. सण झाला की त्या लगेच आवरून ठेवायच्या, नाहीतर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं असा तिथे समज आहे. (पाहा, मुलीच्या लग्नाची काळजी कुठे कुठे शिरते!) हिना बाहुल्या बहुधा बसलेल्या असतात आणि रेशमी कपड्यांच्या थरांत हात-पाय जवळजवळ झाकलेले असतात. एखादीच सुटी हाती आली तर ती संचातून फुटलेली असते, आणि फुटलेल्या संचाला किंमत कमी.

दुसरं 'इचिमात्सु'. हे उभं किंवा बसवता येणारं लहान मूल. अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी नटावरून हे नाव पडलं. गोफुनचा चेहरा, काचेचे डोळे, बहुधा माणसाचे खरे केस, कपाळावर सरळ कापलेली झुलपं. काहींच्या पोटात दाबलं की 'कुईं' करणारी भाताही असते. किमोनो काढता-घालता येतो. मुली तिला खरोखर खेळवत, कपडे बदलत.

तिसरं 'गोशो'. मोठं डोकं, गुबगुबीत अंग, पांढरंशुभ्र रांगतं बाळ. क्योतोच्या राजदरबाराशी याचं नातं. दरबाराकडून भेट म्हणून ही बाळं दिली जात. जुनी गोशो बाहुली खरोखर मोलाची असते, पण आपल्या शोकेसमध्ये ती सापडणं म्हणजे भाजीच्या पिशवीत मोती सापडण्यासारखं.

चौथं 'हाकाता'. ही फुकुओका शहराची, भाजलेल्या मातीची. हिला कापड नसतंच, किमोनोसुद्धा मातीचाच आणि वरून रंगवलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी या भेटवस्तू म्हणून ढिगाने घरी नेल्या.

पाचवं 'कोकेशी'. ईशान्य जपानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी लाकूड कातून करतात. गोल डोकं, दंडगोल अंग, हात-पाय नाहीत. नारुको गावच्या कोकेशीचं डोकं फिरवलं की करकर वाजतं. हिला नेहमी उलटी करून बघा, कारण करणाऱ्याची सही तळाला असते.

सहावं 'किमेकोमी'. यात अंगावर खाचा कोरून कापडाच्या कडा त्या खाचांत खोचलेल्या असतात. म्हणजे कपडा शिवलेला नसतो, अंगालाच चिकटलेला असतो. ही कला अठराव्या शतकात क्योतोच्या कामिगामो देवस्थानात सुरू झाली असं सांगतात.

आणि सातवं घराणं, आपल्या घरोघरच्या शोकेसमधलं, 'साकुरा'. लांब बाह्यांचा किमोनो घातलेली सडपातळ नर्तकी. आत तारेचा सांगाडा आणि कापूस, पायाखाली काळी चकचकीत लाकडी बैठक, हातात पंखा नाहीतर छत्री. हिचा चेहरा गोफुनचा नसतो. साच्यातल्या मुखवट्यावर तलम रेशमी कापड ताणून चिकटवतात आणि त्यावर डोळे-ओठ रंगवतात. या बाहुल्या विसाव्या शतकातल्या. युद्धानंतर तर परदेशी पाहुण्यांसाठी त्या फार मोठ्या संख्येने झाल्या. जपानात राहणाऱ्या कित्येक अमेरिकन सैनिकांच्या बायका त्या करायला वर्गात जाऊन शिकल्या. आपल्याकडे जहाजावरचे काका-मामा घेऊन आले त्या बहुतेक याच.

आता तुमची बाहुली समोर ठेवा आणि माझ्याबरोबर पाच गोष्टी पाहा. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा, हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. बाहुली उचलायची तर बैठकीला धरून. मानेला किंवा हाताला धरून कधीच नाही.

चेहरा: भिंग घ्या. कापडाची वीण दिसते का? मानेपाशी किंवा केसांच्या कडेला कापड दुमडलेलं दिसतं का? दिसलं तर रेशमी चेहरा, म्हणजे बहुधा साकुरा. वीण नाही, गुळगुळीत पांढरा थर आहे आणि केसासारख्या बारीक भेगा आहेत, तर गोफुन असू शकेल. कुठे टवका उडाला असेल तर आतला पांढरा थर आणि त्याखालचं लाकूड किंवा भुसा दिसतो. खरवडून मात्र बघू नका!

केस: नायलॉनचे चकचकीत, सगळे एका जाडीचे केस असले तर बाहुली युद्धानंतरची. माणसाचे किंवा रेशमाचे असले तर जुनी असू शकते, असेलच असं नाही.

कापड: जर ओळखायला आपल्याला कोणी शिकवायला नको. पण जपानी सोनेरी धागा आपल्या जरीपेक्षा वेगळा असतो. आपल्याकडे धाग्यावर धातूची तार गुंडाळतात, तिथे कागदावर सोन्याचा वर्ख बसवून त्याच्या बारीक पट्ट्या कापतात. जुन्या कापडात हा कागद भिंगाखाली दिसतो. रेशीम की रेयॉन हे ठरवायचं असेल तर आतल्या शिवणीतून आपणहून सुटलेला एखादा धागा मिळाला तरच तो जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, रेयॉनला कागद जळल्याचा. हा प्रयोग बाहुलीपासून लांब, स्वयंपाकघरात करायचा. आणि बाहुली हलक्या, पातळ सेल्युलॉइडची असेल तर तिच्या जवळपास निरांजनसुद्धा नको. ते भडकन पेट घेतं.

पोशाख: किमोनोची डावी बाजू उजवीवर यायला हवी. उजवी डावीवर फक्त मृताला घालतात. उलटं दिसलं तर समजा, मधे कोणीतरी कपडे काढून पुन्हा घातले आहेत. लांब लोंबत्या बाह्या म्हणजे अविवाहित मुलगी.

बैठक आणि तळ: इथे बाहुली स्वतःच बोलते. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव असावं हा तिथला नियम १८९१ पासूनचा. सुरुवातीला जपानी मालावर 'निप्पॉन' लिहीत, १९२१ पासून 'जपान' लिहावं लागलं. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल तर बाहुली युद्धानंतरच्या अमेरिकन अमलातली, म्हणजे १९५२ च्या आतली. शिक्का नसला तरी निराश होऊ नका, जपानातल्या घरांसाठी केलेल्या बाहुल्यांना असे शिक्के नसतच. त्यांची ओळख त्यांच्या लाकडी पेटीवर असते. 'किरी' नावाच्या हलक्या लाकडाची ती साधी पेटी, झाकणावर शाईने लिहिलेली अक्षरं. अशी पेटी माळ्यावर असेल तर खोकं म्हणून टाकून देऊ नका. पेटीसकट बाहुली आणि पेटीशिवाय बाहुली यांत पुष्कळ अंतर पडतं.

नाशिकच्या भगिनी, तुम्ही वर्णन इतकं छान केलं आहे की मला फोटोची गरज वाटली नाही. चेहऱ्यावर 'तलम साडीसारखी वीण', खांद्यावर जांभळ्या घोसांची फांदी, डोक्यावर काळी टोपी, बैठक काळी. ही 'फुजी मुसुमे', म्हणजे फुजीच्या फुलांची मुलगी. ओत्सु गावच्या जुन्या लोकचित्रांतून ती आली आणि १८२६ साली काबुकीच्या रंगमंचावर नाचली. तेव्हापासून ती जपानची लाडकी आहे. तुमची बाहुली साकुरा घराण्यातली. काकांनी १९६४ साली दुकानातून नवी घेतली, म्हणजे साठीच्या आसपासची. शंभर वर्षांची नाही.

आता किंमत. मन घट्ट करा. युद्धानंतरच्या अशा बाहुल्या इतक्या झाल्या आणि इतक्या टिकल्या आहेत की परदेशी बाजारातही त्या बहुधा काही हजार रुपयांतच जातात. फार सुंदर, डागाशिवायची आणि पेटीसकट असेल तर थोडी जास्त. लाखांची भाषा होते ती जुन्या गोशो बाहुल्यांची किंवा नामवंत कारागिरांच्या इचिमात्सुंची. जुनेपणाचं आणि किमतीचं गणितही सरळ नसतं हं. जपानात आज घरं लहान, सात पायऱ्या मांडायला जागा नाही, म्हणून आजीच्या वेळचे पूर्ण हिना संचसुद्धा जुन्या बाजारात स्वस्तात निघतात. कित्येक जणी त्या बाहुल्या देवळात नेऊन त्यांचे आभार मानून, विधी करून निरोप देतात. टाकून देववत नाहीत ना!

कोणी मोठी किंमत सांगितली तर एक लक्षात ठेवा. इंटरनेटवर दिसतो तो आकडा बहुतेक वेळा मागितलेला असतो. बघायचा असतो प्रत्यक्ष विकला गेलेला आकडा, आणि तोही त्याच घराण्याच्या, त्याच उंचीच्या, तशाच अवस्थेतल्या बाहुलीचा. दुसरं असं, की किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच असेल तर त्याच्या आकड्यावर घर मोडू नका. तो आकडा खरा असता तर त्याने तो इतक्या मोठ्याने सांगितला असता का, हेही मनात येतंच.

मग किमतीत भर कशाने पडते? चेहरा निर्दोष असण्याने, मूळ कपडे आणि हातातल्या वस्तू जागच्या जागी असण्याने (पंखा, कंगवा, फुलाची पाकळी निखळली तर पाकिटात घालून पेटीतच ठेवा), पेटी-चिठ्ठीने, आणि ती कोणाकडून, कधी, कुठून आली या माहितीने.

या शेवटच्या गोष्टीवर एक खरी हकीकत सांगते. १९२७ साली अमेरिकन मुलांनी मैत्रीची खूण म्हणून जपानी मुलांना बारा हजारांहून जास्त बाहुल्या पाठवल्या. उत्तरादाखल जपानने ५८ मोठ्या इचिमात्सु बाहुल्या अमेरिकेला धाडल्या. प्रत्येकीला आपल्या प्रांताचं किंवा शहराचं नाव, प्रत्येकीचं स्वतःचं सामान. नामांकित कारागिरांनी त्या केल्या. त्यांतल्या हिराता गोयो यांना पुढे १९५५ साली जपान सरकारने कलेतला मोठा मान दिला आणि त्याच वर्षी तो होरी र्‍यूजो या बाहुली करणाऱ्या स्त्रीलाही मिळाला. पण अमेरिकेत गावोगावी प्रदर्शनं करत फिरताना या बाहुल्यांच्या बैठका आणि सामान एकमेकींत मिसळलं. एकीचं नाव दुसरीला गेलं. आजही अभ्यासक जुने फोटो आणि किमोनोवरचं नक्षीकाम ताडून पाहत बसतात, ही खरी कोण आणि ती खरी कोण. बाहुल्या शाबूत, पण वेळेवर चिठ्ठी न बांधल्याने ओळख हरवली.

तेव्हा नाशिकच्या भगिनी, माझं सांगणं एवढंच. एक पांढरा कागद घ्या. काकांचं नाव, जहाजाचं नाव, कोबे, १९६४, आईला कोणत्या निमित्ताने दिली, सगळं लिहा. तुम्हाला सगळं आठवणार नाही. तुम्ही थोरल्या, पण मधलीला आईने काय म्हटलं ते तिलाच ठाऊक. धाकटीने कधी चोरून पेटी उघडली होती का, तेही तीच सांगेल. म्हणून फोन तुम्हीच करा. "बाहुली लाखाची नाही," हे आधी सांगा आणि मग विचारा, "तुला काय आठवतं?" त्यानंतरही विकायची ठरली तर तिघींच्या संमतीने जरूर विका, त्यात काही वाईट नाही. मधलीकडे गेली तरी चालेल. पण न आलेल्या लाखासाठी बहिणी गमावू नका, एवढं मात्र मनापासून वाटतं.

जाता जाता जपणुकीचं. पेटीवर थेट ऊन नको, रेशमाचा रंग उडतो. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने वरून खाली झटकायची. पिवळेपणा गेला नाही तरी चालेल, तो वयाचा रंग आहे. दूध लावलंत तर त्यातला स्निग्धांश कापडात बसतो, डाग पडतो आणि कसर ओढून आणतो. केसांना तेल नको, फणी नको. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकून ठेवू नका. आवरून ठेवायची तर कोरड्या दिवशी, मऊ पांढऱ्या कागदात. वर्तमानपत्रात नको, शाई लागते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र कधीच ठेवू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि कापडावर डाग पडतात. यांपैकी एकच ठेवा, तोही बाहुलीला न चिकटता, कोपऱ्यात पुडीत.

आणि दिल्लीला जाणं झालं तर १९६५ साली सुरू झालेल्या शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयात जरूर डोकवा. देशोदेशींच्या बाहुल्यांत जपानच्याही आहेत. तिथे भिंगाची गरज नाही. इतकं वाचल्यावर घराणं तुम्हाला लांबूनच ओळखू येईल.

पुढच्या आठवड्यात पितळेच्या जुन्या समया आणि त्यांवरचे हिरवे डाग. तोवर ओलं फडकं शोकेसपासून लांबच असू द्या!